उसने पाय

काठावरच्या बाकासमोर पाय रोवायची फळी आहे, पण वल्ही नाहीत. नौकानयन स्पर्धेच्या यादीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे पाय देणाऱ्याचं नाव छापलेलं आहे. सारंगच्या पोटऱ्यांवरचे पट्ट्यांचे वळ अजून लाल आहेत.

इरावतीची बोट सगळ्यांत शेवटी आली. प्रशिक्षक पेडणेकर सरांनी तिला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं. अपघातानंतर तिचं कमरेखालचं काहीच हलत नव्हतं. धाकटा भाऊ सारंग काठावर बसून फळी रेटायचा; दोघांच्या पायांवरच्या पट्ट्यांमुळे त्याचे पाय हलतील तसेच बोटीत तिचे पाय हलायचे. वल्ही मात्र तिची तीच मारायची.

"ताई, पाणी घे."

"पाणी कसलं? अर्धं धरण पिऊन आलेय." ती हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "मध्येच पाय ताठ झाले रे. दुमडेचनात. माझं शरीरच आता नको म्हणतंय."

"तसं नसेल गं."

"मग कसं असेल? तू तर घाण्याच्या बैलासारखा रेटत होतास." तिने त्याच्या दंडावर चापट मारली. "सर, पुढच्या यादीतून माझं नाव काढा. दोन वर्षं खूप झाली."

सरांनी सारंगकडे पाहिलं. तो तिच्या पायांवरचे पट्टे सोडायला खाली वाकला. एक पट्टा त्याला कितीतरी वेळ सुटेना.

सरांनी पेन काढलं आणि दोन्ही नावं खोडली.

शर्यतीत सहाशे मीटरवर इरावती पहिली होती, आणि तिच्या नावाने ओरडायला सारंग बाकावरून उठून उभा राहिला होता.