गाऱ्हाण्याचं बटण

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. दाजींनी पुन्हा दाबलं, जरा जोरात. लॅपटॉपच्या पडद्यावरचं ते केशरी बटण ढिम्म.

"बाय गो, ह्या मेला की काय?" दाजींनी विचारलं. मालवणच्या त्या कॉम्प्युटर क्लासात बाकीचे पाचही जण कॉलेजातले. ते खिदळले. शिकवणारी तेजस्वी खुर्ची ओढून शेजारी बसली.

"आजोबा, बटणाचा रंग, आकार, वरची अक्षरं, सगळं झकास केलंत. ह्या झाल्या त्याच्या प्रॉपर्टी. पण क्लिक झाल्यावर त्यानं करायचं काय, ते कुठे सांगितलंत? क्लिक हा इव्हेंट. त्याच्यासाठी कोड लिहायचा. तोवर हे नुसतं वाट बघत बसणार."

"म्हणजे माज्यासारखाच म्हण की!"

पोरं पुन्हा हसली. तेजस्वी हसली नाही. "तुम्हाला ह्याच्याकडून हवंय तरी काय?" तिनं विचारलं.

मग दाजींनी सांगून टाकलं. दोन दिवसांवर देवदिवाळी आलेली. घरच्या देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हुंकार नसेल तर मागणं देवाला पोचत नाही, असंच दाजी लहानपणापासून मानत आलेले. आणि धामापूरच्या घरात ते एकटे. बायको सावित्री जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा दीपेश पुण्याला. गेल्या वर्षी त्याला फोनवर घेतलं, तर तीनदा 'व्हय' म्हणाला आणि चौथ्याला, "बाबा, मीटिंग आहे." उरलेलं गाऱ्हाणं दाजींनी एकट्यानं घातलं, 'व्हय म्हाराजा'ही स्वतःच म्हटलं. बघायला चिटपाखरू नव्हतं, तरी काय लाज वाटली हो त्या माणसाला! यंदा तसं होऊ द्यायचं नाही म्हणून दीपेशनं पाठवलेला जुना लॅपटॉप त्यांनी कपाटातून काढला आणि सत्तराव्या वर्षी क्लासात नाव घातलं.

तेजस्वीनं कोडच्या चार ओळी त्यांच्याकडूनच लिहून घेतल्या. मग म्हणाली, "नुसती अक्षरं कशाला? आवाजच घालू." तिनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून पोरांपुढे धरला आणि पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. आता बटण दाबलं की पाच तोंडांनी एकदम, 'व्हय म्हाराजा!' दाजींनी सात-आठ वेळा दाबून बघितलं.

"कितीव वेळा दाबला तरी चलता मा?"

"कितीही वेळा, आजोबा. ते काही कंटाळणार नाही."

एसटीत बसल्यावरही दाजींचं हसू मावळलं नव्हतं.

देवदिवाळीच्या सकाळी त्यांनी आंघोळ करून देवापुढे पान, सुपारी, नारळ ठेवला. लॅपटॉपला वेगळा पाट दिला. हात जोडून घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो जो नारळ तुज्यासमोर ठेयललो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

क्लिक. "व्हय म्हाराजा!"

घर कसं दणाणलं! दाजींचा आवाज चढला. घराची इडापिडा दूर कर. व्हय म्हाराजा! पोटापाण्याक जी लेकरां लांब गेली, त्यांच्या पाठीशी उभो रव. व्हय म्हाराजा! चुकलामाकला पदरात घे. व्हय म्हाराजा! कितीतरी वर्षांनी ओटीवर माणसं बसल्यासारखं वाटलं. दाजींना भरून आलं. नेहमीची मागणी संपली तरी त्यांना थांबवेना, आणि मनात कधीचं साचलेलं तेही तोंडातून निघून गेलं.

"आणि म्हाराजा, आता माकाय घेवन जा. एकटो रवान कंटाळलंय."

बोट सवयीनं पडलंच.

"व्हय म्हाराजा!"

पाच कोवळे आवाज, खुशीत, एका सुरात. दाजींच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकं सहज? कोणाला काही वाटलंच नाही? सावित्री असती तर चुलीपुढून तरातरा आली असती, जळली तुमची जीभ म्हणत. दीपेशसुद्धा मीटिंग टाकून ओरडला असता. ह्या बटणाला मात्र दाजी राहिले काय आणि गेले काय, सारखंच. दाजी देवापुढे हमसून हमसून रडले.

"पोरां कोणाची इली ओ, दाजी?"

दारात फ्रान्सिस्का उभी होती. कुंपणापलीकडे राहणारी, नवरा गेल्यापासून तीही एकटीच. ह्या घरातून पोरांचा गलका ऐकला आणि हाताला खवलेल्या नारळाचा चव लागलेला, तशीच धावत आली होती.

"पोरां खंयची गो? मशीन आसा." दाजींनी उपरण्यानं डोळे पुसले. लपवायचं तरी कोणापासून? "देवाक म्हटलंय, माका ने. ता 'व्हय' म्हणाला."

फ्रान्सिस्का चपला काढून आत आली, हात पदराला पुसले आणि दाजींच्या शेजारी जमिनीवरच बसली.

"मशिनीक काय विचारतास? माका विचारा," ती म्हणाली. "मी नाय म्हणतंय."

दाजींनी लॅपटॉप मिटला. हात जोडले. आणि तेच शेवटचं मागणं पुन्हा एकदा मागितलं, मोठ्यानं, नुसतं तिनं नाही म्हणावं म्हणून.