हजेरीचा कागद

जंगलातली पायवाट जीपगाड्यांना खुली करायची की नाही, यावर वनखात्याच्या साहेबांनी जनसुनावणी ठेवली. दारातल्या हजेरीच्या कागदावर सही केल्याशिवाय कुणालाच आत सोडलं नाही. मधाच्या पेट्या सांभाळणारी मधवाली तावातावानं बोलली, "गाड्यांच्या धुरानं माझ्या माश्या उठून जातील, साहेब!" तिच्यामागून चाळीस जणांनी कडाडून विरोध केला. साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि हजेरीच्या त्याच सह्या 'संमती' म्हणून वर पाठवून दिल्या.

वर्षभरात तिच्या पेट्या ओस पडल्या. ती जाब विचारायला गेली, तर साहेब गालातल्या गालात हसले. "बाई, सही तुमचीच आहे ना?"

सहा वर्षांनी गाड्यांचा नवा रस्ता आखला गेला, तो नेमका निवृत्त साहेबांच्या नव्याकोऱ्या बंगल्याच्या कुंपणाला खेटून. हरकतींची जाडजूड फाईल छातीशी धरून साहेब धापा टाकत सुनावणीला आले. दारात टेबल मांडून सुनावणी समितीची नवी अध्यक्ष स्वतः बसली होती. मधवाली! तिनं अदबीनं पेनाचं टोपण काढलं आणि हजेरीचा कागद पुढे सरकवला.

कागद बघून साहेबांचा चेहरा पडला. "सही न करता आत गेलो तर नाही का चालणार, ताई?"



"चालेल की," मधवाली गालातल्या गालात हसली. "सही केलीत तर तुमची संमती, नाही केलीत तर तुम्ही आलाच नव्हता."