एका दाराला एकच आवाज

"हा पट्टा कुणा काडीपैलवानाच्या मापाने शिवलाय," आबा सुनेच्या कानाशी कुरकुरले.

सून त्यांच्या मांडीवरचं बक्कल आवळत होती. सासऱ्याला असं करकचून बांधायची संधी किती सुनांना मिळते, असा एक चुकार विचार तिच्या मनात आला. तो तिने बक्कलाबरोबरच दाबून टाकला.

हेलिकॉप्टर तलावाच्या काठावर हवेत घोंघावत उभं होतं. खाली मैदान, मैदानात चुन्याने आखलेलं वर्तुळ. केबलला लटकलेल्या माणसाला अलगद त्या वर्तुळात उतरवायचं, एवढंच दाराशी बसणाऱ्याचं काम. पण समोर बसलेल्या पायलटला, म्हणजे कॅप्टनला, स्वतःच्या पोटाखालचं काहीच दिसत नाही. म्हणून दाराशी बसलेलं माणूस बोलत राहतं, "पुढे पाच, पुढे तीन, थांब," आणि पायलट निमूट ऐकतो. नियम एकच. एका दाराला एकच आवाज.

सव्वीस वर्षं तो आवाज आबांचा होता. संध्याकाळी तो त्यांच्याबरोबर घरी यायचा. सासूबाई सुईत दोरा ओवायला बसल्या की मागून सुरू, "उजवीकडे... किंचित वर... आता पुढे." मुलगा गाडी मागे घेऊ लागला की गॅलरीतून सुरू. एकदा शेजाऱ्यांचं कपाट जिन्यावरून चढत होतं, तेव्हाही आबांनीच हुकूम सोडले. कपाटाला एक ओरखडा न येता ते नेमकं पोहोचलं, फक्त एक मजला जास्त वर. कुणी काही बोललं नाही. आबांना कुणीच काही बोलत नसे.

सुनेची ही तिसरी परीक्षा, आणि शेवटची. आज नापास झाली तर दार कायमचं बंद. मग गोदामात ओले दोर वाळत घालत बसायचं. मागच्या दोन्ही वेळी केबलला वाळूचं पोतं होतं. सगळे त्याला 'पाहुणे' म्हणत. आबा परीक्षक म्हणून तिच्या पाठीशी उभे. ती "डावीकडे दोन" म्हणणार, तोच मागून पुटपुट आली, "तीन." तिने तीन म्हटलं. पाहुणे वर्तुळाबाहेर. दुसऱ्या खेपेलाही असंच झालं. आबांचा आकडा कसा चुकेल? आपणच बोलायला उशीर केला, अशी तिने स्वतःची समजूत घातली. कॅप्टन खिडकीबाहेर ढग बघत राहिला. घरी त्या रात्री सगळे जरा जास्तच हळू जेवले.

आज मात्र नियमाप्रमाणे केबलवर जिवंत माणूस हवा होता, आणि आबांनी हट्टाने स्वतःचंच वजन लिहून दिलं होतं. तेही चार किलो कमी.

"तयार?" तिने त्यांच्या खांद्यावर थाप मारून विचारलं.

"जन्मापासून," आबा म्हणाले आणि दारातून बाहेर सरकले.

तिने बटण दाबलं. आबा डुलत खाली निघाले. "पुढे चार," ती म्हणाली. "पुढे दोन..."

"उजवीकडे तीन!" हेडसेटमध्ये आबांचा आवाज खणखणला. ते आता दाराशी नाहीत, हे बहुधा ते विसरले होते.

बावीस वर्षं त्या आवाजावर हाललेले कॅप्टनचे हात आपोआप हालले. हेलिकॉप्टर उजवीकडे. वर्तुळ मागे पडलं.

"डावीकडे तीन!" सून ओरडली. हेलिकॉप्टर डावीकडे.

"छे, उजवीकडे पाच!" हेलिकॉप्टर उजवीकडे.

आबा आता पाळण्यातल्यासारखे झोके घेत होते. मैदान सुटलं, काठ सुटला. त्यांच्या बुटांनी तलावावर एक लांबलचक रेघ ओढली. चार बदकं जीव घेऊन पळाली.

"आबा, मी सांगू का जरा?" सून म्हणाली.

"सांग की! मी कुठे अडवलंय? कॅप्टन, आणखी थोडं उजवीकडे!"

छपाक. आबा कंबरेपर्यंत पाण्यात.

"अहो, मी नक्की ऐकू कुणाचं?" कॅप्टन रडकुंडीला आला. मग त्याला हसू फुटलं, आणि त्याच्या हसण्याबरोबर अख्खं हेलिकॉप्टर गदगदू लागलं. खालून आबा काहीतरी आकडे सांगत होते. सुनेलाही हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दोन्हींच्या मधून ती एकदाची ओरडली.

"आबा, गप्प बसा! अगदी गप्प! या दारात मी बसलेय!"

कानात फक्त पंख्यांची घरघर उरली. कॅप्टनचं हसू जागच्या जागी थिजलं. दोन वर्षांच्या संसारात तिने सासऱ्यांना "चहा गार झालाय" एवढंही कधी सुनावलं नव्हतं.

"वर दोन," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, हे तिलाही क्षणभर पटेना. "डावीकडे सहा. डावीकडे तीन. एक. थांब."

आबा वर्तुळाच्या बरोब्बर मधोमध टेकले. हुक सोडवून ते तिथेच उभे राहिले, निथळत, ओठ घट्ट मिटून. हेलिकॉप्टर शेजारी उतरलं. सून धावत आली. आबांनी तिच्याकडे पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं आणि भुवया उंचावून विचारलं.

"हो, आता बोला," ती कशीबशी म्हणाली.

"किती वेळ लावलास गं ओरडायला! पाणी गार होतं." मग त्यांनी बुटातलं पाणी ओतलं, आणि तिची नजर चुकवत म्हणाले,

"आणि मागच्या दोन्ही वेळी तुझाच आकडा बरोबर होता."