तळ दिसला तेव्हा

तीन दिवस गावच्या बायका घागरी घेऊन पाझर तलावावर येत होत्या आणि रिकाम्या घागरी घेऊन परत जात होत्या. पाणी होतं. टँकरची वाट बघत बसलेल्या शेजारच्या गावांना हेवा वाटावा इतकं नितळ पाणी होतं. तेच तर नडलं. दुष्काळानं तलाव कमरेएवढा उरला होता, आरपार तळ दिसत होता, आणि तळाशी गावाची जुनी रुद्रभूमी होती, मेलेल्यांना पुरायची जागा.

बहात्तरच्या दुष्काळी कामावर हा तलाव खोदला तेव्हा समाध्यांचं काय करायचं यावर पुष्कळ वाद झाला होता. एकदा समाधीत मांडी घालून बसवलेलं माणूस पुन्हा उठवायचं नाही, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. वरून पाणी आलं, गढूळ आलं, आणि दृष्टीआड सृष्टी झाली. ते पाणी लोक सात वर्षं फडक्यातून गाळून प्याले. दर उन्हाळ्यात हगवणीनं एकदोन पोरं जायची. त्याचा दोष नशिबाला लागायचा, पाण्याला कधीच नाही.

मग मच्छीमार सोसायटीच्या गोरोबा भोयानं नळदुर्गखालच्या डोहातून पाट्या भरभरून शिंपले आणले, लांब पात्यांचं पाणगवत आणलं आणि तलावात सोडलं. शिंपला दिवसभर तोंड किलकिलं ठेवतो, गढूळ पाणी आत घेतो, स्वच्छ करून बाहेर टाकतो, हे त्याला बापानं शिकवलेलं. या उन्हाळ्यात गावात एकही पोर आजारी पडलं नव्हतं. गोरोबाचं कौतुक व्हायचं, तेवढ्यात तळ दिसला.

तळ दिसला तेवढ्यानं लोक एवढे भ्याले नसते. पण मोठ्यांच्या दगडी चौथऱ्यांवर एकही शिंपला नव्हता. सगळे एका लहानशा मातीच्या उंचवट्यावर दाटीनं उभे होते, अर्धे मातीत, अर्धे वर, तोंडं उघडी. त्यांच्यामधून पाणगवत वर आलं होतं, नुकत्याच न्हालेल्या पोरीच्या केसांसारखं मोकळं. वारा पडलेला असतानाही ते हलत होतं.

तो उंचवटा नागूबाईच्या बसम्माचा. नागूबाई याच तलावाच्या कामावर दगड वाहत होती, तेव्हा पाच वर्षांची बसम्मा खड्ड्यातलं पाणी प्याली आणि दोन दिवसांत गेली.

शिंपला दगडावर बसत नाही, मऊ माती शोधतो. गोरोबाला हे ठाऊक होतं. पण तिथं बघताना तोही घाबरला आणि ते सांगायचं राहूनच गेलं.

चौथ्या दिवशी सकाळी सोसायटीचे चेअरमन बंडप्पा दहा माणसं आणि टोपल्या घेऊन आले. शिंपले मुडद्यांवर पोसलेत, सगळे उपसून काढा, मग तळ ढवळा, असं त्यांनी सांगितलं. पाणी पहिल्यासारखं गढूळ झालं की लोक पितील. बंडप्पा काही वाईट नव्हते. त्यांच्या आईची समाधीही खालीच होती, आणि तीन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नव्हतं.

गोरोबानं हात जोडले. गढूळ पाण्यानं पोरं पुन्हा आजारी पडतील, असं तो दोनदा म्हणाला. कुणी ऐकलं नाही. माणसांनी धोतरं वर खोचली, पण पहिलं पाऊल पाण्यात कुणी टाकायचं यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

तेवढ्यात नागूबाई घागर घेऊन आली. लोक बाजूला झाले.

"अक्का, तुमी नगा बघू," बंडप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "आमी काढतो समदं."

ती काठावर थांबून पोटभर बघत राहिली. दहा वर्षांत लेकीची जागा तिला पहिल्यांदाच दिसत होती. तिला भीती वाटली नाही. तिला इतकं बरं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

"गढूळ पाणी पीत हुतो तवा बी ती हितंच हुती, बंडप्पा," ती म्हणाली. "दिसत न्हवती, येवढंच."

नागूबाई पाण्यात उतरली.

उन्हं अजून तिरपी होती. तिची सावली लांब पडली आणि उंचवट्यापर्यंत गेली. सावली टेकली तसे शिंपले मिटू लागले. आधी कडेचे, मग मधले, मग सगळे. आवाज काहीच झाला नाही. काठावरची माणसं मागं सरली, एकाच्या हातातली टोपली खाली पडली.

नागूबाई जागीच थांबली. मग हळूच बाजूला सरकली, सावली दुसरीकडे जाईपर्यंत सरकत राहिली. बराच वेळ तशीच उभी राहिली. एक शिंपला किलकिला झाला. मग दुसरा. मग एकेक करून सगळी तोंडं उघडली आणि गवत पुन्हा हलायला लागलं.

तिनं तिथंच घागर बुडवली. ओंजळभर पाणी प्याली, घागर कमरेवर घेतली आणि वर आली.

बंडप्पांची सून काठाशी उभी होती, पोटुशी. सासऱ्याकडे तिनं एकदा बघितलं. ते वाटेतून बाजूला सरले, तशी ती घागर घेऊन पुढं झाली. नागूबाईनं तिचा दंड धरला आणि तिला उन्हाच्या बाजूकडून हटवलं.

"त्या अंगानं उतर," ती म्हणाली. "तिच्यावर सावली पाडू नगंस. पाणी गाळतीया पोर."