निवडलेले पत्ते

मावशीकडे भविष्य सांगणाऱ्या पत्त्यांचं अख्खं कपाट आहे. टॅरोचे संच, देवदूतांचे, चंद्राचे, एक तर नुसत्या मांजरांचा. नवा संच आला की ती आधी चष्मा लावून बसते आणि तांदळातले खडे निवडावेत तसे मृत्यू, सैतान, कोसळणारा मनोरा असले सगळे पत्ते वेचून केराच्या डब्यात टाकते. "घरात अशुभ नको बाई!" मग उरलेल्या पत्त्यांतून रोज सकाळी घरातल्यांचं भविष्य काढते. ते अर्थातच झकास निघतं.

जिना चढताना काकांच्या छातीत कळ यायला लागली, तेव्हाही देवदूतांनी त्यांना परदेशप्रवास सांगितला आणि मांजरांनी दीर्घायुष्य.

"बघा, एकसुद्धा संच वाईट बोलत नाही," मावशी म्हणाली. "उगाच बाऊ करू नका."

शेवटी मीच दोघांना ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि स्पष्टच सांगितलं, की हृदयाचं ऑपरेशन ताबडतोब करावं लागेल.

 

मावशीने पर्समधून शांतपणे चष्मा काढून लावला, आणि तिथेच बसल्या बसल्या फोनमधून डॉक्टरांचा नंबर काढून टाकला.