पाठवणाऱ्याचं नाव

केडगावच्या चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांचा सराव बेंजामिन घ्यायचा. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचा मेल सर्व्हर उभा करून त्यानं सगळ्या मंडळीला हौसेनं बोलावणी धाडली, पण सरावाला चिटपाखरू फिरकेना. त्यात पत्त्याची सेटिंग बिघडली आणि पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी त्याच्या ‘डेव्हलपर’ या खात्याच्या नावाची पहिली तीनच इंग्रजी अक्षरं जाऊ लागली. लोकांनी ती सरळ ‘देव’ अशी वाचली.

“अगं, हे आत्ताच्या आत्ता दुरुस्त करायला पायजे!” तो घाबरून बायकोला म्हणाला.

“अहो, आधी उत्तरं तर बघा,” एंजेला हसू दाबत म्हणाली. “लिडियामावशीसुद्धा येते म्हणाल्यात.”

मावशींनी लिहिलं होतं,

“देवा, तू बोलावलंस, आले बघ. पन तेवढं त्या बेंजामिनला गाऊ देऊ नको.”