टोचन

व्यंकटरावांच्या ओट्यासमोर गाडीने एकदा हिसका दिला आणि ती बंद पडली.

सिद्धोधनने पुन्हा चावी फिरवली. इंजिन घुमलं, पण गाडी जागची हलेना. जळक्या क्लचचा वास आत भरला. क्लच फार दिवस टिकणार नाही, असं पुण्याच्या मेकॅनिकने बजावलं होतं. खर्चाचा आकडा ऐकून सिद्धोधनने काम पुढच्या पगारावर ढकललं होतं. पिवळी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार, तिसऱ्या हातची. गावातले गतिरोधक तिरपी घालून, अर्ध्या क्लचवर ओलांडता ओलांडता तिने नेमकी इथे येऊन मान टाकली.

शेजारी त्याची आई सुलाबाई नवं पातळ नेसून बसली होती. तिला तो येलदरीचं धरण दाखवायला निघाला होता. सीट इतकी खाली होती, की ओट्यावर बसलेल्या माणसांचे तिला नुसते लोंबते पाय दिसत होते.

"काय झालं रं?"

"काही नाही, माय. तू बस."

मागे परभणीची एसटी येऊन थांबली होती. रस्ता अरुंद. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

सिद्धोधन उतरला. गाडी न्यूट्रलला टाकून दाराच्या चौकटीला खांदा लावला. पुढे डांबरी सडकेपर्यंत चढ होता. गाडी वीतभर गेली आणि तेवढीच मागे आली.

"जरा हात लावता का?" तो ओट्याकडे बघून म्हणाला.

कुणी उठलं नाही. दोघा-तिघांनी मोबाइल काढले होते. बाकीचे व्यंकटरावांच्या तोंडाकडे बघत होते.

व्यंकटराव पायऱ्या उतरून आले. गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली.

"नागनाथचा ना तू?"

"हो, काका."

"लय झ्याक हाय गाडी. एव्हरेज किती देती?"

"सात-आठ."

"लिटरला?" ओट्यावरून कुणीतरी विचारलं आणि हसलं.

"अन् इकायची म्हनली तर?"

"घेतली त्याच्या निम्मेही येणार नाहीत," सिद्धोधन म्हणाला. खरं तेच त्याच्या तोंडून गेलं.

व्यंकटराव हसले नाहीत. "टोचन लावूनच न्यावी लागंल. ट्रॅक्टर रानात गेलाय. बैलं हाएत दावनीला."

"नको, काका. मी परभणीहून क्रेन बोलावतो."

"क्रेन येईस्तोर एसटी हितंच उबी ऱ्हाईल व्हय?"

एसटीने पुन्हा हॉर्न दिला. ढकलायला न उठलेल्या माणसांतले दोघे आता उठले. त्यांनी बैल आणले, जू ठेवलं, दोर आणला. गाडीला तो अडकवायचा कुठे, हे कुणाला कळेना. सिद्धोधनने डिकीतून हुक काढला आणि पांढऱ्या शर्टानिशी धुळीत आडवा होऊन बंपरखाली बसवला. उठला तेव्हा सगळे मोबाइल त्याच्याकडे वळलेले होते.

व्यंकटरावांनी कासरा त्याच्यापुढे धरला.

"धर. तुझ्या बापानं उमर काढली आमच्या बैलामागं. सालदार लय पाह्यले, पर नागनाथसारका हात कुनाचाच न्हाई. तुज्यात बी आसंल की."

त्यांचा आवाज मऊ होता. ते खरोखर कौतुकच करत असावेत.

सिद्धोधनने हात पुढे केला नाही.

गाडीचं दार उघडलं. रस्त्यावर तळवा टेकवून सुलाबाई कशीबशी बाहेर आली. तिने पदर कमरेला खोचला आणि व्यंकटरावांच्या हातातला कासरा घेतला.

"त्याला येत न्हाई," ती म्हणाली. "त्याच्या बापानं त्याला बैलाजवळ फिरकूच दिलं न्हाई."

"माय, तू नको..."

"तू आत बस. चाक कुनी धरावं?"

तो बसला. इंजिन बंद असल्यामुळे स्टेअरिंग दगडासारखं झालं होतं. सुलाबाईने टाळूला जीभ लावून आवाज काढला. बैलांनी मान खाली घातली, दोर ताणला गेला आणि गाडी निघाली. काचेतून सिद्धोधनला बैलांची मागची अंगं दिसत होती आणि त्यांच्या बाजूने चालणारी आईची पाठ. मोबाइलवाले बरोबरीने चालत होते. "मावशी, इकडं बगा," एकजण म्हणाला. तिने पाहिलं नाही. मागून एसटी त्यांच्याच चालीने येत होती.

डांबरी सडकेला लागल्यावर सुलाबाईने दोर सोडला. एसटी बाजूने निघून गेली. ती बैल घेऊन परत वळली.

क्रेनवाल्याला फोन करून सिद्धोधन गाडीला टेकून उभा राहिला. जाऊन यायला लागावा त्याहून पुष्कळ जास्त वेळ गेला. मग ती येताना दिसली.

"इतका उशीर?"

"बैलाला पानी पाजलं. वैरन टाकली."

त्याने पाकीट काढलं. "मी त्यांना बैलांचे पैसे देऊन येतो."

"घेत न्हाईत. म्या इचारलं."

"मग?"

"गोठ्यात मानूस ऱ्हायला न्हाई म्हनले. शेन काढाया येत जा म्हनले थोडे दिस."

"तू काय म्हणालीस?"

सुलाबाईने कमरेचा पदर सोडला, डोक्यावर घेतला.

"तू पुन्याला गेल्यावर येते म्हनलं."